ठाणे-नवी मुंबईत गळ टाकताना: कुठला मासा घरी न्यायचा, कुठला पाण्यात सोडायचा

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की कसारा लोकलने खडवली, टिटवाळ्याला रॉड घेऊन उतरणारे एकदम वाढतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की आता मासा चढणार. आमच्याकडे याला वलगण म्हणतात, खाली कोकणात चढणीचे मासे. नदीतला मासा पहिल्या गढूळ पाण्याबरोबर उलटा वर येतो, ओहोळातून भातखाचरात शिरतो आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी टाकतो. त्या आठवड्यात पकडलेल्या जवळजवळ प्रत्येक माशाच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असते, आणि लोक फोटो टाकतात ते नेमके त्याच माशांचे, बादली भरून.

मी गेली बरीच वर्षं उल्हास, काळू, भातसा आणि इकडे पनवेलच्या गाढी नदीच्या काठाने गळ टाकतोय. नवीन पोरं मला विचारतात ते रीळ कुठलं घेऊ, चारा कसा मळू. ते सांगेनच थोडंफार, पण त्याआधी जे कुणी विचारत नाही ते सांगायचंय, की आपण हौसेने मासे पकडतो, पोटासाठी नाही, तर मग आपल्यामुळे पाण्यातला मासा कमी होऊ नये यासाठी नेमकं काय करायचं. परदेशी व्हिडिओ बघून 'पकडा आणि सोडा' एवढं एकच वाक्य पाठ केलं तर आपल्याकडे ते अर्धंच लागू पडतं, कारण आपल्या पाण्यात असे काही मासे आहेत जे चुकूनही परत सोडू नयेत. पुढे येतंय ते.

आधी बघा पाणी कुणाचं आहे

रॉड उघडायच्या आधीचं काम. आपल्या भागातली जवळजवळ सगळी मोठी पाणी कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात आहेत. बारवी, भातसा, तानसा, मोरबे ही पिण्याच्या पाण्याची धरणं. मोरबेचं पाणी नवी मुंबईला येतं, बारवीचं एमआयडीसीमार्फत आपल्या अर्ध्या जिल्ह्याला. इथे सुरक्षा असते, परवानगीशिवाय आत जायचं नाही, कुंपणाला भोक पाडून तर अजिबात नाही. तानसाच्या भोवती अभयारण्य आहे. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, म्हणजे आतल्या ओढ्यांवर, डोहांवर गळ टाकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग मासा सोडून दिला असेल तरीही. बरेच जण येऊरला सकाळी फिरायला जातात आणि पिशवीत गळ घेऊन जातात, त्यांना खरंच माहीत नसतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग पण तसाच, २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलाय.

बाकीचे मोठे तलाव आणि जलाशय बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदाराकडे असतात. ही माणसं पैसे भरून त्यात बोटुकली सोडतात. बोटुकली म्हणजे बोटाएवढं मत्स्यबीज. तुम्ही तिथून गुपचूप दोन किलोचा कटला नेलात तर तो संस्थेच्या माणसाच्या कष्टाचा मासा आहे. जाऊन विचारायचं, "दादा, गळ टाकायला परवानगी आहे का, पास असतो का, किती मासे नेता येतात, पावसात बंद असतं का?" नीट विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, कधी चहा पण देतात, आणि कुठल्या कोपऱ्यात काय लागतंय तेही सांगतात. शहरातल्या पालिकेच्या तलावांवर पाटी असते, ती वाचायची. पाटीवर मासेमारीस मनाई लिहिलं असेल तर विषय संपला.

नदी मात्र मोकळी वाटते, आणि इथेच गोंधळ होतो. नदीकाठच्या पाड्यांवर कातकरी कुटुंबं आहेत, त्यांच्या रात्रीच्या कालवणात तोच मासा असतो. एखाद्या डोहावर कुणी आधीपासून पाग, म्हणजे फेकजाळं, टाकत असेल तर तिथे आपण शहरातून जाऊन चार रॉड लावून बसायचं नाही, पुढे सरकायचं. आपल्याला पुढचा शनिवार आहेच.

पावसाळ्यात गळ ठेवून द्या

हा माझा सगळ्यात कडक नियम आहे आणि यावरच लोक सगळ्यात जास्त भांडतात. जूनच्या पहिल्या पावसापासून ऑगस्ट संपेपर्यंत मी नदीवर आणि ओढ्यांवर गळ टाकत नाही. समुद्रात राज्य सरकारची १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते, ती आता प्रत्येक कोळीवाड्यात अंगवळणी पडलीय. नदीत आपल्यावर लक्ष ठेवायला कोण नसतं म्हणून ती बंदी आपणच आपल्यावर घालायची.

कारण साधं आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच तळ्यातल्या शेतीसाठी बीज कुठून आणायचं हा आपल्या देशात मोठा प्रश्न होता, लोक नदीतून जिरे, म्हणजे नुकतं जन्मलेलं बारीक बीज, गोळा करायचे. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली, आणि तेव्हापासून हॅचरीत बीज तयार व्हायला लागलं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आता तलावात सोडलेल्या माशाची काळजी हॅचरी घेते, पण काळूतल्या, भातसातल्या माशाची कोण घेणार? त्याच्याकडे ते पावसाचे आठ-दहा आठवडेच आहेत. रोहूची मादी वजनाच्या एका किलोमागे लाखाच्या वर अंडी देते. त्यातली फार थोडी मोठी होतात हे खरं, पण ती मादी जर पहिल्याच पुरात तुमच्या बादलीत गेली तर तेवढीही नाहीत.

गावातला शेतकरी आपल्या बांधावर दोन दिवस वलगणीचा मासा धरतो, त्याबद्दल मी काही बोलत नाही, ते पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि प्रमाणात आहे. प्रश्न आपला आहे, कारण आपण गाड्या भरून जातो. मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, धरायला जाणाऱ्यांनी पण एक बघा, मुठ्याच्या मादीच्या पोटाखाली जी झडप असते ती हळूच उचलली तर आत बारीक बारीक पिल्लं चिकटलेली दिसतात. दिसली की ठेवून द्यायची, लगेच.

शिवाय पावसात जीवाला धोका आहे तो वेगळाच. वरून धरणाचे दरवाजे उघडले की नदी बघता बघता चढते, आणि दरवर्षी जिल्हा प्रशासन धबधबे-धरणांवर जायला मनाई करतं ते उगाच नाही. कार्बनचा रॉड विजेचा वाहक असतो, ढग गडगडायला लागले किंवा वरून हायटेन्शन वायर गेली असेल तर तो उभा धरायचाच नाही.

सामान: कमी गळ, जाड तंगूस

आपल्याकडे कटला-रोहूसाठी स्प्रिंग वापरतात. स्प्रिंगवर चाऱ्याचा गोळा दाबायचा आणि भोवती सहा-सात गळ लोंबत सोडायचे. मीही असंच शिकलो. पण यात होतं काय की मासा गोळा चोखायला येतो, एक गळ ओठात लागतो, तो झटका मारतो आणि बाकीचे गळ त्याच्या डोळ्यात, पोटात, कल्ल्यात घुसतात. असा मासा सोडून काही उपयोग नाही, तो दोन दिवसांत मरतो. आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तुटली तर ते सगळं लटांबर घेऊन तो कुठेतरी शेवाळात अडकतो आणि तिथेच संपतो. तर पहिली पायरी ही, की स्प्रिंगला एक गळ, फार तर दोन. मासे कमी लागतील असं वाटतं पण मला तरी तेवढे लागलेत.

दुसरी पायरी, गळाचा काटा दाबून टाका. गळाच्या टोकाच्या आत जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबला की सपाट होतो, दोन सेकंदाचं काम. मग गळ मागे फिरवला की सरळ बाहेर येतो, माशाचा ओठ फाटत नाही, आणि तुमच्या बोटात घुसला तर डॉक्टरकडे जावं लागत नाही. मासा सुटू नये म्हणून तंगूस सैल पडू द्यायची नाही, बस. स्टेनलेस स्टीलचे गळ घेऊ नका. साधे गंजणारे घ्या, म्हणजे चुकून माशाच्या पोटात राहिला तरी गंजून निघून जाण्याची शक्यता असते.

तिसरं, तंगूस फार बारीक लावून मजा करू नका. बारीक तंगुशीवर तीन किलोचा रोहू वीस मिनिटं खेळवण्यात मर्दुमकी वाटते, पण तो मासा दमून दमून इतका थकतो की सोडल्यावर सावरतच नाही. उन्हाळ्यात तर विचारूच नका. पाणी २० अंशाला असताना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि आपल्याकडे मे महिन्यात उथळ तळ्याचं पाणी त्याच्याही वर तापतं. म्हणजे माणसाला भर दुपारी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पळायला लावून नाक दाबल्यासारखं. रोहू-कटल्यासारख्या कार्पसाठी मी ०.३५ मिमीची तंगूस लावतो आणि मासा लवकर बाहेर घेतो. एप्रिल-मे मध्ये फक्त पहाटे, नऊच्या आत सामान गुंडाळायचं.

शिशाच्या ऐवजी हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी नट वापरा, स्वस्त पडतात आणि पाण्यात राहिले तर शिशासारखं विष होत नाही. वजन असं बांधा की कुठे अडकलं तर आधी वजन तुटून पडेल आणि मासा मोकळा होईल, म्हणजे वजनाचा दोरा मुख्य तंगुशीपेक्षा कच्चा. आणि झेला, म्हणजे मासा पाण्यातून उचलायचं दांड्याचं जाळं, घ्या, पण गाठी नसलेल्या मऊ किंवा रबरी जाळीचा. बाजारात मिळतो तो खरखरीत नायलॉनचा झेला माशाचे खवले ओरबाडतो.

चाऱ्याबद्दल एवढंच, की कणीक, पेंड, पाव, चणे, गांडूळ, करंदी सगळं चालतं, पण किलो-किलोने पाण्यात फेकू नका. जे मासा खात नाही ते तळाशी कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खातं. शहरातल्या छोट्या तलावात तर मूठभर पुरे. मरळीसाठी जिवंत बेडूक लावणं मात्र पूर्ण बंद करा. पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन ओरडतात ते मोठे बेडूक कायद्याने संरक्षित आहेत, आणि रबरी बेडूक आता सगळीकडे मिळतो, मरळ त्यावर तितकीच तुटून पडते. रबरी बेडकाचे दोन्ही काटे पण पकडीने दाबून घ्यायचे.

मरळ आणि लाल पिल्लांचा झुबका

मरळीबद्दल सविस्तर लिहितो कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त चूक इथेच होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

मुरबाडच्या बाजूला एका गावतळ्यावर, जुलैतली सकाळ. तेव्हा मी पावसाळा पाळत नव्हतो. कडेच्या शेवाळात एका जागी पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं, पराती एवढी जागा. जवळ जाऊन बघितलं तर शेकडो बारीक पिल्लं, शेंदरी-लाल रंगाची, एकत्र वर येऊन तोंड बाहेर काढत होती आणि परत खाली जात होती. मरळ हवेतून श्वास घेते, पिल्लांना पण वर यावं लागतं, म्हणून ते पाणी हलत होतं. मला कुणीतरी सांगितलेलं की पिल्लांच्या वर बेडूक ओढला की मोठी मरळ शंभर टक्के मारते. ओढला. दुसऱ्याच फेकीला लागली, दीडेक किलोची. मी खुश. फोटो काढले, पिशवीत टाकली, आणि सहज परत त्या जागेकडे बघितलं. झुबका तिथेच होता, पण आता त्याच्या कडेने छोटे मासे आत घुसत होते. एका बाजूने वेगाने यायचे, पाणी फुटायचं, पिल्लं विखुरायची, परत गोळा व्हायची, परत घुसायचे. एक खंड्या पण येऊन बसला. मी तिथे अर्धा तास उभा होतो आणि निघताना झुबका पहिल्याच्या निम्मासुद्धा उरला नव्हता.

मरळ भूक लागली म्हणून त्या बेडकावर आली नव्हती, पिल्लांजवळ काहीतरी आलं म्हणून मारायला आली होती. मरळीचं हेच आहे, अंडी शेवाळातल्या मोकळ्या जागेत वर तरंगत असतात आणि आई-बाप त्यांची आणि नंतर पिल्लांची काही आठवडे राखण करतात. त्या राखणदाराला उचललं की अख्खा झुबका इतर माशांच्या तोंडी जातो. त्यामुळे लाल पिल्लं दिसली की तिथे गळ टाकायचा नाही, मे असो की सप्टेंबर. चुकून राखण करणारी लागली तर फोटो-बिटो न काढता त्याच जागी, त्याच क्षणी सोडायची. पन्नास मीटर लांब नेऊन सोडली तर तोपर्यंत खेळ झालेला असतो.

मासा ओळखा, मग ठरवा

हातात आलेला मासा घरी न्यायचा की सोडायचा हे त्याच्या जातीवर आणि आकारावर ठरवायचं.

तिलापिया, ज्याला आपल्याकडे चिलापी पण म्हणतात, तो बाहेरून आणलेला मासा आहे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते, आणि गर्दीच्या तळ्यात तर बोटभर लांबीचा असतानाच पिल्लं द्यायला लागतो. हा न्या, मोकळ्या मनाने न्या, छोटे पण न्या. सकर मासा, तो काळा खरखरीत पाठीचा, जो टाकीतली शेवाळ खायला म्हणून घेतात आणि मोठा झाला की लोक दया येऊन तलावात सोडतात, तो लागला तर परत पाण्यात टाकू नका. आफ्रिकन मागूर, ज्याला थाई मांगूर म्हणून ओळखतात, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे कारण तो मिळेल ते गिळतो, लहान मासे, बेडूक, काहीही. तोही परत नाही. रूपचंदचं पण तेच, बाजारात पापलेटसारखा दिसणारा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. हे मासे लागले की लगेच डोक्यावर एक घाव घालून शांत करायचे, काठावर फेकून तडफडत ठेवायचे नाहीत. नको असेल तर पुरून टाका.

घरातल्या ॲक्वेरियममधले मासे तलावात सोडणं हा प्रकार तर पूर्ण बंद झाला पाहिजे. परत दुकानदाराला द्या, मित्राला द्या.

आता आपले मासे. रोहू, कटला, मृगळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा अंड्यावर येतात, त्यामुळे किलोच्या खालचा नदीतला कार्प मी सोडतोच. खूप मोठा असेल तरी सोडतो, कारण मोठी मादी जास्त अंडी देते. मधल्या आकाराचा एखादा घरी. जिताड्याचं तर याहून भारी आहे. जिताडा लहानपणी खाडीतून गोड्या पाण्यात चढतो, पहिल्यांदा नर म्हणून वयात येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा, जो धरल्यावर आपण सगळ्यात जास्त नाचतो, तो बहुतेक मादीच असतो. उल्हासच्या खालच्या भागात, जिथे भरतीचं पाणी येतं, तिथे असा लागला तर विचार करा.

तिथेच गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी पण मिळते. मादीच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस असेल तर ती अंडी सोडायला खाडीकडे खाली चाललेली असते. जाऊ द्या तिला.

महसीर लागला तर चर्चाच नाही, परत पाण्यात. दख्खनचा महसीर, कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला हा मासा, सह्याद्रीच्या नद्यांमधून इतका कमी झाला की लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने त्याची पैदास करून पिल्लं सोडायचं काम कित्येक वर्षं चालवलंय. कासव लागलं तर तेही सोडायचं, मऊ पाठीचं कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घाबरून तंगूस खेचू नका, गळ दिसत असेल तर पकडीने काढा, नसेल तर तंगूस अगदी तोंडाजवळ कापा.

सोडायचा तर असा सोडा

माशाच्या अंगावर जो चिकट थर असतो तो त्याचं चिलखत आहे. कोरड्या हाताने, टॉवेलने धरला की तो थर आपल्या हाताला येतो आणि त्या जागी काही दिवसांत पांढरी कापसासारखी बुरशी धरते. हाताच्या पंजाचा ठसा उमटलेला, अगदी बोटं मोजता येतील असा बुरशी लागलेला रोहू मी एका तलावात कडेला तरंगताना बघितलाय.

तर आधी दोन्ही हात पाण्यात बुडवा. मासा झेल्यातच ठेवून, पाण्यातच, पकडीने गळ काढा. बाहेर घ्यायचाच असेल तर ओल्या गवतावर किंवा ओल्या फोमच्या तुकड्यावर, तापलेल्या दगडावर किंवा वाळूत नाही. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. फोटोसाठी एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या आधी, आडवा धरायचा, जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. मित्राला आधी मोबाईल काढून तयार ठेवायला सांगा, मग मासा उचला. मी सोपा हिशोब लावतो, मासा पाण्याबाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखायचा, मला गुदमरायला लागलं की मासा पाण्यात.

गळ घशात खोल गेला असेल तर ओढाओढ करू नका, तंगूस जमेल तितकी आत कापा आणि सोडा. ओढून काढलेल्या गळापेक्षा आत राहिलेला बरा.

सोडताना नदीत असाल तर तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा. तळ्यात असाल तर नुसता सरळ धरून ठेवा. मागे-पुढे हलवतात तसं करू नका, मागे ओढताना कल्ल्यात पाणी उलटं जातं. शेपटी मारून तो आपणहून निघाला की सोडा, त्याआधी ढकलू नका. कडेला येऊन परत आडवा झाला तर परत धरा. पाच मिनिटं लागली तरी लागू द्या.

घरी न्यायचा तर

दोनच मासे, हा माझा आकडा, चिलापी सोडून. घरात चार माणसं आहेत, दोन वेळचं होतं. फ्रीजर भरायला आणि सोसायटीत वाटायला मासे धरू नका. ठेवायचं ठरलं की लगेच मारा आणि बर्फात ठेवा, दोरीत ओवून दिवसभर गरम पाण्यात लटकवलेला मासा हळूहळू मरतो आणि चवीलाही वाईट लागतो.

आणि पाणी बघून खा. तळोज्याची कासाडी, उल्हासनगरकडची वालधुनी, कारखान्याचे, गटाराचे नाले मिळतात तिथल्या खालच्या अंगाचा मासा मी घरी आणत नाही. पाण्याला वास, फेस, रंग दिसला, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तिथे गळ टाकू नका. मासे मेलेले तरंगताना दिसले तर तारीख, वेळ, जागेसकट फोटो काढून पालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. लवकर केलेली तक्रार कामाची असते, कारण पाण्याचा नमुना त्याच दिवशी घ्यावा लागतो. कुणी बॅटरीने करंट मारताना, ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग वापरताना दिसलं तर अंगावर जाऊ नका, लांबून बघा, पोलिसांना फोन करा. विष आणि स्फोटकांनी मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

उठताना

तुटलेली तंगूस खिशात, कायम. मी एक रिकामी पाण्याची बाटली घेऊन जातो, माझी आणि दुसऱ्यांनी टाकलेली तंगूस त्यात कोंबतो आणि घरी आणून बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकतो. गाढीच्या काठावर एकदा एक बगळा बाभळीला उलटा लटकलेला सापडला, पायाला तंगूस, तिच्या टोकाला गळ तसाच. आम्ही दोघांनी कापून काढला तोपर्यंत पाय सुजून काळा पडलेला. उडाला, पण किती दिवस जगला असेल कुणास ठाऊक.

एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जाताना झेला, चपला, बादली धुऊन उन्हात वाळवा. कल्याणजवळ मोहन्याकडच्या जलपर्णीचा एखादा तुकडा झेल्याला चिकटून गावच्या तळ्यात गेला तर काय होतं ते कल्याणकरांना विचारा.

शेवटचं, एक वही ठेवा. तारीख, जागा, पाणी गढूळ की निवळ, कुठला मासा, अंदाजे लांबी, सोडला की नेला, पोटात गाबोळी होती का. माझ्या वहीत एका तळ्याच्या नोंदी बघितल्या तर लाल पिल्लं दरवेळी एकाच कोपऱ्यात, पिंपळाच्या मुळांजवळच्या शेवाळात दिसलेली आहेत. त्यामुळे आता सप्टेंबरात तिकडे गेलो की मी थेट पलीकडच्या घाटावर बसतो आणि नवीन कुणी आलं तर त्यालाही तिकडेच बोलावून घेतो.